तीन दोस्तांचं कृषी सेवा केंद्र

नमस्कार श्रोतेहो.

मी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, दुकानांचे हिशेब लिहितो. आज ज्या दुकानाबद्दल सांगणार आहे ते जिंतूरकडच्या एका बाजारगावात आहे. एकच शटर, आत खताची थप्पी, भिंतीला औषधांच्या बाटल्या आणि गल्ल्यावर आळीपाळीनं बसणारी तीन पोरं. शाळेपासूनचे दोस्त, आता पंचविशीतले. एकानं आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली. दुसऱ्यानं वडिलांच्या शेतावर कर्ज काढून भांडवल आणलं. तिसऱ्याकडं पदवीही नाही आणि पैसाही नाही. तो सकाळी शटर उघडतो, गाडी उतरवून घेतो, रात्री कुलूप लावतो.

कीटकनाशकं विकायच्या परवान्याला हल्ली शेतीची किंवा विज्ञानाची पदवी, नाहीतर शेतीची पदविका लागते. त्यामुळं पदवीलाच गिऱ्हाईक झालंय. "तुझं सर्टिफिकेट आमच्या दुकानात लाव, वर्षाचे पैसे घे, यायचीही गरज नाही," असं या पोरालाही सांगून झालं होतं. त्यानं नाही म्हटलं आणि दोस्तांबरोबर स्वतःचं दुकान टाकलं. मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

पण दुकान अडचणीत आहे. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना विकायची, भाव सरकारनं बांधलेला. त्यात सुटतं ते हमाली आणि गाडीभाड्यातच जातं. वर लिंकिंग, म्हणजे घाऊक विक्रेत्याची अट. युरिया पाहिजे तर सोबत हे टॉनिक, ते द्रवरूप खत घ्याच. ती खोकी कोपऱ्यात पडून राहतात आणि पैसा त्यांच्यात अडकतो. शेतकऱ्याच्या गळ्यात मारावीत तर दोन हंगामांत गिऱ्हाईक तुटतं.

आणि उधारी. माल जूनमध्ये जातो, पैसे सोयाबीन निघाल्यावर येतात. "दिवाळीला देतो की, गाव सोडून चाललो का?" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं जे केलं ते तुम्ही सोसलंय. सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगांना कोंब फुटले. जे हाती आलं त्याला हमीभाव 5,328 रुपये क्विंटल कागदावर होता, मोंढ्यात डागी मालाला त्याच्या जवळपासही कोणी बोललं नाही. त्या दिवाळीला वही तशीच राहिली. वरचा विक्रेता मात्र थांबत नाही, त्याचं व्याज चढत राहतं.

तरीही हे दुकान टिकावं असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे. पेरणीच्या तोंडावर तिथं जाऊन बघा. युरियासाठी मशीनवर अंगठा द्यावा लागतो आणि खुरप्या-कुदळीनं घासलेला अंगठा मशीनला ओळखू येत नाही. तो तिसरा पोरगा ओलं फडकं घेऊन म्हाताऱ्या मावशीचा अंगठा पुसतो, पुन्हा टेकवतो, नाही जमलं तर दुसरं बोट घेतो. मागं रांग ओरडत असते. तो मावशीला "उद्या या" म्हणत नाही.

दुसरी गोष्ट बियाण्याची. सोयाबीनचं बियाणं दर साली विकत घ्यावं लागत नाही. एकदा चांगलं प्रमाणित बियाणं आणलं की घरचं दोन-तीन वर्षं चालतं, फक्त उगवण तपासायला हवी. ही पोरं दुकानातच तपासून देतात. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल मोडू द्यायची नाही. सात-आठ दिवसांनी उघडायचं. सत्तर किंवा जास्त निरोगी कोंब आले तर बियाणं पेरायला हरकत नाही. कमी आले तर ते स्पष्ट सांगतात. घरचं बियाणं चांगलं निघालं की त्यांची एक बॅग खपायची राहते. पण तोच शेतकरी पुढं पानं पिवळी पडली की फोटो घेऊन यांच्याकडंच येतो, आणि गरज नसेल तर ते त्याला फवारणीही करू देत नाहीत.

आता दोस्तीतल्या पैशाचं बोलतो, कारण दुकानं मी इथंच मोडताना पाहिली आहेत. "आपल्यात कसला कागद?" असं म्हणून धंदा सुरू होतो. भागीदारीचा कायदा 1932 चा आहे. आपसात काही ठरलं नसेल तर नफा आणि तोटा सारखा वाटला जातो, आणि दिवसभर राबणाऱ्याला वेगळा पगार मागता येत नाही. दुकानाचं देणं फिटलं नाही तर ज्याचे पैसे द्यायचे तो कुणाही एका भागीदाराच्या घरापर्यंत पोहोचू शकतो. नोंदणी नसलेल्या भागीदारीला उधारीच्या वसुलीसाठी कोर्टात दावाही लावता येत नाही. तेव्हा करारनामा करा, नोंदवा, आणि तो दोस्ती गोड असतानाच करा.

या तिघांनी तो गेल्या हंगामाआधी केला. मीच लिहून दिला. राबणाऱ्याला महिन्याची ठरलेली रक्कम आधी, मग कर्जाचा हप्ता, उरेल ते तिघांत सारखं. पदवीवाल्याला मी विचारलं, तुझ्या सर्टिफिकेटचं काय धरायचं? तो म्हणाला, "त्याचं भाडं घ्यायचं असतं तर घरीच बसलो असतो ना, काका."

उधारीचाही नियम केला. आपल्या पाव्हण्याला उधार द्यायचं तर आपण लिहायचं नाही. दुसऱ्या दोस्तानं लिहायचं आणि नाही म्हणायचा हक्कही त्याचाच. आधी तिघंही आपापल्या गावकीला नाही म्हणू शकत नव्हते. आता मामाला राग आला तरी तो भाच्यावर येत नाही.

शेतकरी बांधवांनो, तुमच्याही गावाजवळ असं एखादं दुकान असेल. मोंढ्यात माल घातला, पट्टी हातात पडली, की घरी जाताना तिथं थांबा. सगळी उधारी फिटत नसेल तर नका फेडू. जमेल तेवढे द्या, वहीत जमा करून घ्या, आणि राहिलेले कधी देणार ते त्यांच्यासमोर त्याच पानावर लिहा. त्या तारखेवर त्यांना पुढच्या खरिपाचा माल भरता येतो.

नमस्कार.