हसेकी हुर्रेम हमाम: पायाखालची आच

[दृश्य: वरून दिसणारी घुमटांची रांग]

इस्तंबूल. एका हाताला आयासोफिया, दुसऱ्या हाताला निळी मशीद. मधल्या या ठेंगण्या, लांबलचक हमामाकडे, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाकडे, पाठ करूनच बहुतेकांचे फोटो निघतात. १५५६-५७ मध्ये उस्मानी दरबाराचा मुख्य वास्तुविशारद मिमार सिनान याने ही इमारत सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम हिच्या नावाने बांधली.

जुळ्या हमामात बायका-पुरुषांचे विभाग सहसा शेजारी-शेजारी असतात. सिनानने ते एकाच रेषेत, पाठीला पाठ लावून बसवले. म्हणून ही ७५ मीटरची लांबी. पुरुषांचं दार आयासोफियाकडे, पुढे खांबांची ओसरी. बायकांचं दुसऱ्या टोकाला, साधंच. आत मात्र दोन्हीकडे तोच क्रम: कपडे बदलायचं दालन, मग कोमट, मग गरम.

[दृश्य: गरम दालनाची फरशी]

अशा हमामाची जमीन भरीव नसते. फरशीखाली बुटके खांब आणि मोकळी पोकळी. भट्टीची गरम हवा आणि धूर त्या पोकळीतून फिरतो आणि भिंतीत पुरलेल्या मातीच्या नळ्यांतून वर निघून जातो. पाण्याचं टाकं भट्टीवरच, तळाला तांब्याचा हंडा. नळ्यांत काजळी धरली की ओढ मंदावते, धूर मागे फिरतो, भिंती गारठतात. थंड पडलेली भट्टी एकदम भडकवली तर संगमरवर तडकतो. आच हळूहळूच चढवावी लागते. गिलावा चुन्याचा, त्यात विटांची भुकटी, आपल्या चुना-सुरखीसारखाच. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, पापुद्रे सुटतात. जुन्या हमामांची निम्मी वाट अशा ‘दुरुस्ती’नेच लागते.

[दृश्य: कुंड, जवळून]

आंघोळीचं पाणी घ्यायच्या या कुंडाच्या तळाला भोक नसतं. पाणी काठावरून सांडतं आणि फरशीच्या उताराने निघून जातं. डोक्यावर घुमटात बसवलेल्या काचेच्या वाट्या, उजेड तेवढाच.

[दृश्य: जुनी छायाचित्रं]

१९१० मध्ये हमाम बंद पडला. पुढे शेजारच्या तुरुंगात न मावणारे कैदी इथे ठेवले, मग कागद आणि इंधनाचं गोदाम झालं. १९५७-५८ ला डागडुजी झाली, नंतर सरकारी गालिच्यांचं दुकान, तेही २००७ पर्यंत.

[दृश्य: वाफ, वाहतं पाणी]

२००८ ते २०११ मोठी दुरुस्ती झाली आणि हमाम पुन्हा हमाम झाला. दर पर्यटकांच्या खिशाचे आहेत, ते खरं. पण इमारतीला हाच वापर मानवतो: रोज पाणी खेळतं, त्यामुळे कुठे गळलं तर त्याच दिवशी कळतं.