हरकत, आक्षेप, विरोध : शब्दांचा रोख कुठे असतो

(पुण्यात गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण सभेचं इतिवृत्त लिहिता, म्हणून तिथूनच सुरुवात करू. लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव येतो. एक सभासद विचारतो, ‘एकाच ठेकेदाराचं दरपत्रक कसं? आणखी दोन का नाही मागवली?’ इतिवृत्तात उतरतं, ‘सदर ठरावास श्री. अमुक यांनी विरोध केला.’ लिफ्ट दुरुस्त व्हावी असं त्या सभासदालाही वाटत असतं. मग पुढच्या सभेत ‘मी विरोध कुठे केला होता?’ यावरच वेळ जातो, आणि दरपत्रकाचा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

इथे हवा होता आक्षेप. शब्दांची मुळं बघा. ‘विरोध’मधला धातू रुध् म्हणजे अडवणं, ‘आक्षेप’मधला क्षिप् म्हणजे फेकणं. विरोध अख्ख्या गोष्टीची वाट अडवतो, आक्षेप तिच्या एखाद्या भागावर जाऊन पडतो. म्हणून विरोध ठरावा‘ला’ असतो आणि आक्षेप कलमा‘वर’. वाक्य असं लिहा : ‘दुरुस्ती आवश्यक असल्याचे मान्य करून, एकच दरपत्रक मागवल्याबद्दल श्री. अमुक यांनी आक्षेप नोंदवला.’ यात काय मान्य आहे, कशावर बोट ठेवलं आहे आणि कुणी, हे तिन्ही आलं.

समानार्थी शब्दांच्या यादीत मतभेद, विरोध, हरकत, तक्रार, निषेध एका ओळीत छापलेले असतात. परीक्षेपुरती ती यादी चालते, पण लिहिणाऱ्याला ती फसवते.

हरकत हा यातला सगळ्यात कामाचा शब्द. मुळात अरबी, अर्थ हालचाल. गाण्याच्या बैठकीत गवयाने घेतलेली सुरांची चपळ हालचाल ती हरकतच, आणि हिंदीत हरकत म्हणजे आगाऊ वागणं. मराठीत मात्र हा शब्द अडचणीच्या अर्थाने स्थिरावला, आणि ‘नाही’ला जोडून त्याने चक्क होकाराचं रूप घेतलं. ‘चहा घ्यायला हरकत नाही’ हा होकारच आहे. कुणी चूक कबूल केल्यावर आपण ‘हरकत नाही’ म्हणतो, तेव्हा ती माफी असते. कचेरीत तेच ‘नाहरकत प्रमाणपत्र’ होतं.

याच शब्दाला कायद्याच्या कामात वजन येतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की महापालिका ‘हरकती व सूचना’ मागवते. तिथे पुष्कळ अर्ज ‘आम्ही तीव्र निषेध करतो’ एवढ्यावर थांबतात. निषेध म्हणजे नापसंतीचा जाहीर उच्चार. सुनावणीत त्याचं काय करायचं? हरकत निकाली काढता येते, निषेधाचा निकाल लागत नाही. म्हणून हरकतीच्या अर्जात चार गोष्टी घाला : आपला त्या जागेशी संबंध, आराखड्यातला नेमका भाग किंवा आरक्षण, त्याने होणारी अडचण, आणि कोणता बदल हवा. चौथी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि तिच्यावाचून अर्ज अर्धा ठरतो.

तक्रार हा शब्दही अरबीच, मूळ अर्थ पुनरावृत्ती. तक्रार घडून गेलेल्या गोष्टीची असते, हरकत बहुधा होऊ घातलेल्या गोष्टीला.

आता मतभेद. हा मतांमधला भेद आहे, माणसांमधला नव्हे, हे जपायला हवं. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, यावर आगरकर आणि टिळक यांच्यात होता तो मतभेद. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते. तरी १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केलं. पुढे दोघांच्या नात्यात जी कटुता आली तिला मतभेद म्हणणं अपुरं आहे, तिथे वितुष्ट हाच शब्द बसतो. मधल्या पायऱ्यांनाही मराठीत शब्द आहेत : आधी खटके उडतात, मग बिनसतं, मग बेबनाव होतो. सोसायटीतल्या दोन गटांत नुसते खटके उडत असताना पत्रात ‘वितुष्ट’ लिहिलं, तर मागे फिरायची वाट आपणच बंद करतो.

‘दुमत’ जवळजवळ नेहमी नकारासोबतच येतो : ‘याबाबत दुमत नाही’. ‘आमच्यात दुमत आहे’ कानाला खटकतं, तिथे मतभेद किंवा मतभिन्नता वापरा.

बोलताना ‘मी असहमत आहे’पेक्षा ‘मला पटत नाही’ हे अधिक आपलं. फक्त विभक्ती सांभाळा. ‘मला त्यांचं पटत नाही’ म्हणजे त्यांचं म्हणणं पटत नाही, आणि ‘माझं त्यांच्याशी पटत नाही’ म्हणजे माणसाशीच जमत नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने ऐकताना हा फरक निसटू देऊ नये. लेखी भाषेत ‘पटत नाही’चं ‘अमान्य’ करा, ‘नामंजूर’ नको. नामंजूर करण्याचा अधिकार सभेचा, एकट्या सभासदाला ठराव फक्त अमान्य असू शकतो.