तीन महिन्यांनंतरचा फोन

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी लकवा, म्हणजे स्ट्रोक, येऊन गेलाय, हे मघाशी बाहेर चहाच्या वेळी कळलं. मी फिजिओथेरपी शिकले आणि गेली काही वर्षं इथल्या एका रुग्णालयात लकव्यावरच्या संशोधनाचं काम बघते. त्यात माझ्या वाट्याला मुख्यतः फोन येतात. रुग्ण ट्रायलमध्ये, म्हणजे उपचार पारखून बघणाऱ्या अभ्यासात, आला की नव्वद दिवस मोजायचे आणि त्याच्या घरी फोन लावायचा. इंजेक्शन, सीटी स्कॅन, अँजिओ यांबद्दल तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. मी आज या फोनबद्दल सांगते.

नव्वद दिवस कशासाठी? अमेरिकेत मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मोठी ट्रायल झाली, तिचे निष्कर्ष 1995 साली आले. 624 रुग्ण, सगळे लकवा आल्यापासून तीन तासांच्या आत पोहोचलेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखं काहींना खरं औषध दिलं, काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं. पहिल्या भागात चोवीस तासांनी तपासलं, तर ठरवलेल्या मापात दोन्ही गटांत ठोस फरक दिसेना. वही तिथेच मिटली असती, तर हे औषध कदाचित मागे पडलं असतं. पण तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा औषध मिळालेल्यांमध्ये अपंगत्व जवळजवळ न उरण्याची शक्यता निदान 30 टक्क्यांनी जास्त निघाली. तोटाही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिला : मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडली ती औषधाच्या गटात 6.4 टक्के जणांची, दुसऱ्या गटात 0.6 टक्के. आज कॅज्युअल्टीत डॉक्टर तुमच्यापुढे संमतीपत्र ठेवून ‘रक्तस्राव होऊ शकतो’ म्हणतात, त्या वाक्यामागे हे आकडे आहेत.

फोनवर अपंगत्व मोजायला मी जी पट्टी लावते ती रँकिन नावाच्या डॉक्टरांनी 1957 साली ग्लासगोत बनवली, पुढे तिच्यात थोडे बदल झाले. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, सहा म्हणजे मृत्यू. बहुतेक ट्रायलमध्ये दोनपर्यंतच्या रुग्णाला ‘स्वावलंबी’ धरतात. दोन आणि तीन यांच्यामधली रेघ फार महत्त्वाची. ती ओळखायला विचारायचं असतं : कुणाच्याही मदतीशिवाय हे एकटे राहू शकतील का?

आता हा प्रश्न आपल्याकडे विचारून बघा. भंडाऱ्याकडच्या एका घरी फोन लावला होता. बाईंनी उचलला. म्हणाल्या, ‘‘बरे हायेत ना आता. चालतेत, जेवतेत.’’ मी दोनचा आकडा टाकायच्या बेतात होते. मग विचारलं, सदरा कोण घालतं? ‘‘घालतेत तेच. गुंड्या तेवढ्या मी लावून देतो.’’ आंघोळीचं पाणी? ‘‘मीच काढून देतो.’’ आणि भाजी-भाकरी? बाई हसल्या, ‘‘ते तं कधीच करत नव्हते!’’ म्हणजे त्यांना आता जमत नाही की कधीच केलं नव्हतं, हे मला वेगळं काढायचं होतं. त्या फोनला पाऊण तास लागला. शेवटी आकडा तीन पडला.

बाई रुग्ण असली की उलट होतं. घरचे सांगतात, ‘आई बरी आहे, स्वयंपाक करते.’ तिच्याशी बोललं की कळतं, कणीक एका हाताने मळतेय आणि कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून माझा आग्रह असतो, फोन आधी रुग्णाच्या हातात द्या. कोणाला कोणतं औषध मिळालं हे मला मुद्दामच कळू देत नाहीत. कळलं तर माझाही कान नको तिकडे झुकेल.

अशाच आकड्यांवर 2015 साली नेदरलँड्सच्या ट्रायलने रक्तवाहिनीत नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा उपचार सिद्ध केला. 500 रुग्ण. तो उपचार मिळालेल्यांपैकी 32.6 टक्के स्वावलंबी झाले, नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी 19.1 टक्के. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र म्हणावा असा फरक नव्हता. माणूस वाचला की नाही एवढंच मोजलं असतं, तर हा फायदा कुणाला दिसलाच नसता.

आणि जे पोहोचतच नाहीत त्यांचं काय? आपल्या शेजारी, गडचिरोलीत, ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी 86 गावांमध्ये 2011 ते 2013 अशी दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. 1599 मृत्यूंपैकी 229 लकव्याने झालेले. दुसऱ्या कुठल्याही कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. आणि त्यातले 87 टक्के घरीच झाले. या माणसांना सीटी स्कॅनचं टेबल दिसलं नाही. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या, पुढे साडेचार तासांपर्यंत वाढलेल्या मुदतीबद्दल आपण इथे धंतोलीत बसून बोलतो, तेव्हा मला हे खाटेवर गेलेले लोक आठवतात आणि फार अस्वस्थ व्हायला होतं.

घरच्या माणसांनाच व्यायाम शिकवून घरी पाठवावं, म्हणजे फिजिओथेरपिस्टची उणीव भरून निघेल, हेही करून पाहिलंय. भारतातल्या 14 रुग्णालयांत, 1250 रुग्णांवर : एका गटातल्या घरच्यांना शिकवलं, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. 2017 साली निकाल आला : सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्के. मी तो निबंध वाचला त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मीही बायकामुलांना तेच शिकवत आले होते. घरच्यांची माया कमी पडली असं कृपा करून समजू नका. प्रशिक्षित माणसांचं काम सुनेच्या अंगावर टाकून व्यवस्थेला मोकळं होता येणार नाही, हे या ट्रायलने दाखवलं. असा नकारात्मक निकाल छापणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो.

तर आता तुमच्याकडे मागणं. रुग्णालयात नंबर लिहून देताना दोन द्या, एक शेजाऱ्याचा. मुलगा पुण्याला असतो, वडील शेतात, तिथे रेंज नसते. अनोळखी नंबर दिसला की लोक कर्जवाल्यांचा समजून कापतात आणि आमच्या वहीत ‘संपर्क नाही’ अशी नोंद पडते. आणि उचललात, तर रुग्णाकडे देऊन शांत राहा. बोलणं गेलेल्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला अर्धा मिनिट लागतो. शेजारून कुणी तरी घाईने ते सांगून टाकतं. सांगू नका. मी थांबलेली असते.