पेट-एमआरआय: कवटीचं हाड कुठे गेलं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज त्यावरच बोलते. "एमआरआय झालाय, मग आता पेट-एमआरआय कशाला?"

मूळ गोष्ट पटकन सांगते. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, पेट मेंदूचं काम. पेट-एमआरआय म्हणजे हे दोन्ही स्कॅन एकाच मशीनमध्ये. फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, शिरेतून देतात. जो भाग जास्त काम करतो तो ती जास्त ओढतो. झालं.

एका ताईंनी लिहिलंय: मुलाला फिट्स येतात, एमआरआय नॉर्मल आहे, तरी पेट सांगितलंय, पैसे उकळतायत का? नाही हो ताई. एपिलेप्सीत असं होतं. रचना धड दिसते, पण दोन फिट्सच्या मधल्या शांत काळात नेमका तोच भाग साखर कमी घेतो. तो फिका डाग एमआरआयवर बसवून पुन्हा नीट बघितलं, की कधी कधी आधी नजरेतून सुटलेली बारीकशी खोट सापडते. ऑपरेशन करायचं की नाही, हे त्यावर ठरू शकतं.

आता माझा खरा मुद्दा. बऱ्याच जणांना वाटतं, दोन्ही एका मशीनमध्ये म्हणजे दुप्पट अचूक. इथे जरा थांबा. एमआरआयच्या चुंबकाजवळ पेटच्या जुन्या फोटोमल्टिप्लायर नळ्या, म्हणजे किरणांचा सिग्नल टिपणाऱ्या नळ्या, चालत नाहीत, म्हणून सेमिकंडक्टरचे डिटेक्टर आणावे लागले. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटाने २००८ मध्ये माणसाच्या मेंदूचे दोन्ही स्कॅन एकाच वेळी घेतल्याचं प्रसिद्ध केलं. ती अडचण सुटली. हाडाची मात्र उरली.

त्या साखरेतल्या फ्लोरिनमुळे मेंदूतून निघालेले गॅमा किरण कवटीतून बाहेर येताना काही वाटेतच अडतात. किती अडले ते कळलं, तरच साखरेचा आकडा बरोबर. पेट-सीटीत हे सीटी, म्हणजे एक्स-रेचा स्कॅन, सांगतो, त्याला हाड स्वच्छ दिसतं. एमआरआय मात्र हायड्रोजनचा सिग्नल पकडतो, आणि हाडातला सिग्नल इतक्या झटकन विझतो की नेहमीच्या एमआरआयवर हाड काळं दिसतं. सायनसमधली हवाही काळीच! किरणांसाठी हवा म्हणजे मोकळं मैदान आणि हाड म्हणजे भिंत, पण एमआरआयला दोन्ही सारखेच.

पुन्हा सांगते. शेजारच्या घरात आरती चालू आहे, तुम्हाला आवाज हळू येतोय. मध्ये जाड भिंत आहे हे विसरलात, तर म्हणाल, आरतीला माणसंच कमी आहेत.

अजून पटलं नसेल तर हे ऐका. मी शिकत होते तेव्हा सरांनी स्क्रीनवर दोन मेंदू लावले आणि विचारलं, आजारी कोण? मी ठामपणे उजवीकडचा दाखवला. कवटीलगतचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, फिका होता ना! दोन्ही चित्रं एकाच निरोगी माणसाची निघाली. स्कॅनही एकच. उजवीकडच्या हिशेबात हाड धरलं नव्हतं, एवढाच फरक. मी त्या माणसाला मनातल्या मनात आजारी ठरवून टाकलं होतं, आणि ते मला आजही टोचतं.

कारण अल्झायमरमध्ये साखर कमी घेतो तो पॅरायटल भाग, म्हणजे मेंदूचा वरचा-मागचा भाग, कवटीला अगदी लागून असतो. हाडाचा हिशेब चुकला, तर तो विनाकारण फिका दिसेल.

उपाय आहेत. यूटीई, झेडटीई हे एमआरआयचे खास सिक्वेन्स, म्हणजे स्कॅन घ्यायच्या पद्धती, हाडाचा सिग्नल विझायच्या आत पकडतात. शिवाय अनेक माणसांच्या सीटीवरून बनवलेला ॲटलास, म्हणजे डोक्याचा सरासरी नकाशा, वापरून त्या रुग्णाच्या हाडाचा अंदाज बांधतात.

आणि ज्या काकांनी विचारलंय, "डोक्याचा जुना सीटी आता टाकून देऊ का?", काका, अजिबात नको. तो पेट-एमआरआयवर जुळवून त्यातूनच हाड घेता येतं. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, सीडी न्या, आणि नाव नोंदवतानाच सांगा की सीटी आहे.