दारातले बोलके खांब

श्रोतेहो, नमस्कार.

मोठ्या दुकानाच्या दारात दोन्ही बाजूंना उभे असणारे ते उंच खांब तुमच्या ओळखीचे असतील. एरवी त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण बिल चुकतं करून, हातात पिशव्या घेऊन तुम्ही बाहेर पडता आणि ते एकाएकी कोकलायला लागतात. माना वळतात. काउंटरपुढची रांग तुमच्याकडे बघते. सोबत लहान मूल असेल तर ते हमखास मोठ्यांदा विचारतं, "काय झालं?" आणि ज्याने सुतळीचा तोडासुद्धा फुकट उचललेला नाही, त्या माणसाचे कान लाल होतात. 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण या दारात सपशेल आपटते.

त्या खांबांना नेमकं काय कळतं? गंमत म्हणजे हा मामला रेडिओच्याच घराण्यातला आहे. बऱ्याच दुकानांत वस्तूला एक चपटं लेबल लावलेलं असतं आणि त्याच्या आत पातळ धातूचं वेटोळं. ते साधारण ८.२ मेगाहर्ट्झला जुळवलेलं असतं, म्हणजे शॉर्टवेव्हच्या पट्ट्यातच. दुसऱ्या जातीच्या टॅगमध्ये धातूची बारीक पट्टी असते. खांब तिला सेकंदाला ५८,००० कंपनांचा चुंबकीय ठोका देतो, लगेच गप्प होतो आणि ती अजून थरथरते आहे का, ते टिपतो. संपलं त्याचं काम. पैसे दिले की नाही, हे त्या खांबाला कुणी सांगितलेलंच नसतं.

बिल करताना वस्तू काउंटरवरच्या एका पॅडवरून फिरते. तिथे पहिल्या जातीचं वेटोळं निकामी होतं, दुसरीतलं चुंबकत्व उतरवलं जातं. घाईत एखादी वस्तू नीट टेकली नाही, की तिचा टॅग जिवंतच राहतो. कपड्यांना लावलेली कडक प्लॅस्टिकची बटणं तर एकेक करून काढावी लागतात. घडी घालताना एखादं आत दडून बसतं. चूक काउंटरची, शोभा गिऱ्हाइकाची.

कधी तर या दुकानाचा संबंधच नसतो. अंगातल्या जाकिटाच्या अस्तरात किंवा नव्या बुटाच्या तळव्याखाली मागच्या खरेदीचा टॅग तसाच असतो. सगळ्या दुकानांची यंत्रणा एका जातीची नसल्यामुळे माणूस चार दारांतून निमूट जातो आणि पाचव्या दारात पकडला जातो. तेव्हा पिशवी रिकामी करून काही हाती लागत नाही. अशा वेळी पिशवी बाजूला ठेवून आधी फक्त माणसाने दारातून जावं, मग वस्तू एकेक करून न्यावी. दोन मिनिटांत उलगडा होतो.

पण खरा सल त्या आवाजाचा नसतो. तो पुढच्या वाक्याचा असतो. "पिशवी दाखवा" हे एक वाक्य, आणि "काउंटरवर टॅग राहिलेला दिसतोय, जरा बघू या" हे दुसरं. तपासणी तीच, पण पहिल्या वाक्यात माणूस आरोपी होतो. दुकानदार महागडे खांब बसवतात आणि दारावरच्या माणसाला हे दुसरं वाक्य शिकवत नाहीत, याचं मला नवल वाटतं. बरं, तो बिचारा दिवसभर उभा असतो, त्याच्याही डोक्यावर कुणाचा तरी दट्ट्या असतोच. तरी झाकलं माप सव्वा लाखाचं. तपासणी चारचौघांत न करता बाजूला घेऊन केली, तर कुणाचं काही जात नाही. गिऱ्हाइकानेही तसं मागावं. त्यात कसला संकोच? पावती मात्र दाराबाहेर पडेपर्यंत हातातच असू द्या, पिशवीच्या तळाशी नको.

आणि घरी पोचल्यावर नव्या कपड्याची आतली शिवण एकदा चाचपून बघा. पांढरं, जरा जाडसर लेबल असेल आणि त्यावर कात्रीचं चित्र असेल, तर ते कापण्यासाठीच असतं.