कोळ्याचा फोटो, कोळ्याचं नाव

नमस्कार मंडळी. कोळ्याचा फोटो देखणा येणं वेगळं आणि त्यावरून कोळी ओळखता येणं वेगळं. आज बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल.

आपल्या बागांमध्ये पावसाळ्यात हमखास दिसणारा सिग्नेचर स्पायडर घ्या, म्हणजे आर्जिओपे. मादी जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसते, पाय दोन-दोनच्या जोड्यांत, आणि जाळ्यात पांढऱ्या नागमोडी धाग्यांची फुली. बहुतेक जण पाठीचा फोटो काढतात नि निघतात. पण आर्जिओपे अनासुजा आणि आर्जिओपे पुल्चेला या दोघीही फुली विणतात, पट्टेही मिळतेजुळते. म्हणून जाळ्याला वळसा घालून पोटाकडचाही फोटो घ्या. जननछिद्राभोवतालचा कठीण भाग, एपिजाइन, पोटाच्या पुढच्या बाजूला असतो आणि खात्रीची ओळख तिथेच पटते. वळसा घालताना जाळ्याचे ताणे जिथे बांधलेत ती फांदी हलवू नका. हादरा बसला की मादी जाळं गदागदा हलवते किंवा खाली उडी टाकते.

आता फोकसच्या खोलीचं गणित, म्हणजे फोटोत किती जाडी स्पष्ट येते ते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एकास एक मोठेपणाला, म्हणजे सेन्सरवर कोळी खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ११ ठेवलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडी स्पष्ट येते. निम्म्या मोठेपणाला तीच चार मिलिमीटरच्या आसपास जाते. म्हणून आधी निम्म्यावर सबंध कोळी, मग एकास एकवर डोळे. एफ २२ करायचा मोह टाळा. इतक्या जवळून लेन्सचं छिद्र प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट आकड्यासारखं वागतं आणि बारीक केस धुरकट होतात. शटर १/२००, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलवर १/८ ताकदीपासून सुरू करा. फ्लॅशसमोर पॅकिंगमधल्या पांढऱ्या फोमचा तुकडा लावा, नाहीतर आर्जिओपेच्या शिरोवक्षावरचे चंदेरी केस पार पांढरेफटक होतात आणि तपशील जातो. फोकसची रिंग फिरवू नका, स्वतः पुढे-मागे झुका. रिंग तशीच ठेवून नंतर स्टीलच्या पट्टीचा एक फोटो घेतला की कोळ्याची लांबी मोजता येते. हे फार थोडे लोक करतात.

जाळं न विणणाऱ्यांचं कुळ डोळ्यांवरून कळतं. समोर चार डोळे, मधले दोन टपोरे, म्हणजे उड्या मारणारा. खाली चार बारके, वर दोन मोठे, मागे आणखी दोन, म्हणजे वुल्फ स्पायडर. सहा डोळे षटकोनात आणि पायांवर उभे काटे, म्हणजे लिंक्स स्पायडर. त्यामुळे वरून एक फोटो घेऊन भागत नाही, समोरूनही हवा.

नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची टोकं फुगीर असतात. फुगीर पण गुळगुळीत असतील तर तो अजून शेवटची कात टाकायचा आहे. गुंतागुंतीची घडण दिसली की प्रौढ. पिल्लांवर जातीचं नाव चिकटवू नका. आर्जिओपेची पिल्लं तर फुलीऐवजी बरेचदा गोल चकतीच विणतात.

ठाणे-कल्याण परिसरातून २०२१ मध्ये आयसियस तुकारामी ही उड्या मारणाऱ्या कोळ्याची नवी जात वर्णिली गेली, हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या नावाने. आपल्या आवारातल्या कोळ्याचं वर्णन अजून झालेलंच नसेल, असंही होऊ शकतं. तेव्हा फोटोखाली ‘आर्जिओपे, मादी, पोटाचा फोटो नाही’ एवढंच लिहिलंत तर ती नोंद अपुरी नाही, प्रामाणिक आहे.