आधी कान, मग व्याख्या

श्रोतेहो, नमस्कार.

वर्गात कवितेचा तास सुरू झाला की फळ्यावर बहुतेक वेळा पहिल्यांदा येतात ते शब्दार्थ. मग मध्यवर्ती कल्पना, मग ‘कवीला काय सांगायचे आहे?’ मुलं ते सगळं वहीत उतरवून घेतात. कविता मात्र त्यांच्या कानावर एकदाच पडते, तीही घाईत. आज बोलायचंय ते हा क्रम उलटा करण्याबद्दल. तिसरी ते सातवीच्या मुलांना शिकवणारे गुरुजी, बाई आणि घरी अभ्यास घेणारे आईबाप, सगळ्यांना हे जमण्यासारखं आहे. खर्च मूठभर चिंचोक्यांचा.

सुरुवात वाचनापासून. कविता मोठ्यानं दोनदा वाचायची, मध्ये एकही शब्द समजावून न सांगता. तिसऱ्या वेळी मुलांनी बाकावर बोटानं ठेका धरायचा. जिथं ठेका अडखळेल तिथं पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचा. एवढ्यानं लय म्हणजे काय ते कळतं, व्याख्या लागत नाही. एक पथ्य पाळा. सगळ्या वर्गानं एका सुरात हेल काढून कविता म्हणायची सवय असेल, तर ती पहिल्या वाचनात मोडा. त्या हेलात कुठलीही ओळ बसते, चुकलेलीसुद्धा, आणि मग कानाला चूक सापडत नाही.

आता मोजणी. इथं मुलांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. ही ओळ ऐका: ‘बैल गेला चिखलात’. मुलांना टाळ्या वाजवून मोजायला सांगितलं तर पाच टाळ्या येतात: बैल्, गे, ला, चिख्, लात्. कागदावर मात्र अक्षरं आठ आहेत: बै, ल, गे, ला, चि, ख, ला, त. मूल चुकत नाही. आपण बोलताना ‘बैल’मधला ल आणि ‘चिखलात’मधले ख आणि त अर्धे करून टाकतो. ओवी-अभंगाच्या छंदात असं प्रत्येक अक्षर पुरतं उच्चारायचं, गाताना तर चांगलं लांबवायचं. म्हणून टाळ्या बाजूला ठेवा आणि प्रत्येक मुलाला आठ चिंचोके द्या. एक अक्षर, एक चिंचोका. जोडाक्षराला एकच: ‘पुस्तक’मध्ये पु, स्त, क, तीन चिंचोके. अनुस्वाराला वेगळा नाही, काना-मात्रेला वेगळा नाही. दोन तासांत सगळ्या वर्गाचा हात बसतो. हाताशी चिंचोका उरला की ओळ तोकडी आणि कमी पडला की ओळ लांब, हे शिक्षकानं सांगावं लागत नाही.

आठ अक्षरांची ओळ जमली की मोठा अभंग अवघड नाही. सहा, सहा, सहा, चार असे चार चरण. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं यमक जुळतं, चौथा तोकडा आणि मोकळा. नामदेवांची नर्सी हिंगोली जिल्ह्यात, जनाबाईंचं गंगाखेड परभणीत. आपल्याकडच्या मुलांच्या कानात ही चाल भजनातून आधीच असते. तीवर गावातलं काहीही बसवून बघा. वेळ अमावास्येला, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या सणाला, लातूर-धाराशिवकडची मुलं येळवस म्हणतात, तर:

येळवस आली,
चला शिवारात,
आंबील हातात
घेऊनिया.

चिंचोके मांडा: सहा, सहा, सहा, चार. शेवटच्या चरणात मुलं हटकून सहा अक्षरं भरतात, कारण हात तसाच चालत राहतो. तो चरण तोकडा आहे म्हणून तर चाल तिथं टेकते.

जात्यावरच्या ओवीचं गणित निराळं. तिथं अक्षरं कमीजास्त चालतात, गळा सांभाळून घेतो. आजीकडून चार ओव्या लिहून आणायला जरूर सांगा, पण त्या मोजायला लावू नका. त्यांच्यावर यमक शिकवा.

यमकाचं म्हणाल तर शेवटचं अक्षर जुळलं की झालं, असं मुलांना वाटतं. ‘पाणी’ आणि ‘विहिणी’ यांत णी जुळतो, पण कानाला समाधान नाही. णी आणि त्याच्या आधीचा स्वर, दोन्ही जुळले की बरं वाटतं: पाणी, गाणी, नाणी. आपल्याकडची पुष्कळ मुलं ‘पानी’ म्हणतात आणि त्याला ‘रानी’ जुळवतात. त्यांच्या कानाच्या हिशेबानं ते यमक चोख आहे. तिथं लाल शाई नको. प्रमाण लेखन कसं ते सांगा, पण यमक बरोबर आहे हेही सांगा. बोलीतला ‘लई’ किंवा ‘काहून’ कवितेत आला तर तो तसाच राहू द्यावा.

खरी अडचण निराळी आहे. पाण्यामागून राणी येते. पावसाची कविता असली की पहिल्या ओळीत पाणी आणि दुसऱ्या ओळीत ढगांची नाहीतर परीची राणी. ही राणी शिवारातून आलेली नसते, यमकानं ओढून आणलेली असते. यावर उपाय साधा आहे. मुलाला यमकाचा शब्द बदलायला सांगू नका, ओळ फिरवायला सांगा. जो शब्द शेवटी अडचण करतो तो मध्ये न्यायचा.

एक उदाहरण पायरीपायरीनं घेऊ. मुलानं लिहिलं: ‘आमच्या शेतात खूप पाऊस पडला आणि सगळीकडे पाणी पाणी झालं.’ वाक्य खरं आहे, पण दिसत काहीच नाही. विचारायचं, पाणी कुठं कुठं होतं? बांधाशी, सरीत, आणि बैल गेला तिथं खुराच्या ठशात. हा ठसा धरायचा. तो त्या मुलानं पाहिलाय. मग विचारायचं, ठशात वाकून बघितलं तर काय दिसलं? आभाळ. तेही हलणारं. आता ‘खूप’ गेला, ‘सगळीकडे’ गेला. चिंचोके काढा:

बैल गेला चिखलात,
ठशात पाणी साचलं,
वाकून पाहिलं त्यात,
आभाळ तिथं नाचलं.

चारही ओळी आठ अक्षरांच्या. पाणी दुसऱ्या ओळीत मध्ये गेलं, त्यामुळे राणीला यायला वाव राहिला नाही. इथंच थांबून चेतनगुणोक्ती दाखवता येते. नाचतं माणूस, इथं आभाळ नाचलं. कशानं? ठशातलं पाणी हललं म्हणून. निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवायला असं दिसणारं कारण असलं तर ते शोभतं. नाहीतर वर्गातली फळा, खडू, बाकं सगळीच बोलायला लागतात आणि कवितेचा बाजार होतो.

उपमेला एकच नियम पुरे: ‘सारखा’च्या आधी येणारी वस्तू मुलानं या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलेली हवी. मोत्यासारखे दात बाद. मोती कुणी पाहिलाय? तुरीचं फूल, कापसाचं बोंड, कडबा, एसटीचा पत्रा यांच्यासारखं काय दिसतं ते विचारा. उपमेय, उपमान ही नावं सहावी-सातवीत येऊ देत.

गणवृत्तांची, म्हणजे लघु-गुरू अक्षरांचा क्रम ठरलेल्या वृत्तांची, घाई नको. गण लक्षात ठेवायचं ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र पाठ करून घेण्याआधी लघु-गुरू कानानं ओळखता यायला हवं: ह्रस्व म्हणजे लघु, दीर्घ म्हणजे गुरू, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तर ह्रस्वही गुरू, जसा ‘रस्ता’मधला र. एकच वृत्त घ्यायचं झालं तर भुजंगप्रयात घ्या. समर्थ रामदास जालना जिल्ह्यातल्या जांबचे; त्यांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत आणि ते पुष्कळ मुलांना तोंडपाठ असतात. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा, एकूण बारा अक्षरं. मुलांना आधी नुसते शब्द जमवू द्या: दुपारी, शिवारी, पहाटे, निघाले. मग ओळ होते: ‘दुपारी शिवारी कुणी ना दिसावे’. तीन तीन अक्षरांवर बोट टेकवत म्हणा, ठेका आपोआप लागतो.

तपासण्याचं काम मुलांनाच द्यावं. एकानं लिहिलेली कविता दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायची. लिहिणाऱ्यानं वाचली तर तो स्वतःच्या चुकीवर गळ्यानं पांघरूण घालतो. वाचणारा अडखळला तिथं ठिपका. मग त्या ठिपक्यापाशी चिंचोके मांडायचे. अक्षरं बरोबर असूनही जीभ अडखळत असेल तर शब्दांची जागा बदलून बघायची, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. आणि भित्तिपत्रकावर कविता लावायची असेल तर पहिल्या आठवड्यात ती पेन्सिलीनंच लिहून लावा. जाता-येता वाचणारी पोरं त्यात आणखी दोन ठिपके सुचवतातच.

नमस्कार.